इंटरनॅशनल सिटीत शिलाईचं दुकान: गिऱ्हाईक जोडण्याची तीन वर्षं

पहिल्या महिन्यात दुकानात एकूण ४१ कपडे आले. वहीत नोंद ठेवली होती म्हणून आकडा पक्का आठवतो. त्यातले ११ ओळखीच्यांचे, म्हणजे माझ्यावरच्या लोभापोटी आलेले. उरलेले ३० अनोळखी माणसांचे. दुकानाचं भाडं, मास्टरजींचा, म्हणजे आमच्या शिंप्याचा पगार, लायसन्सचा खर्च बाजूला ठेवला, तरी नुसत्या विजेच्या बिलालाही ती कमाई पुरली नसती. रात्री शटर ओढताना मास्टरजी काही बोलायचे नाहीत. मशीनवर कापड टाकून ठेवायचे आणि "सलाम बाजी", म्हणजे ताई, म्हणून निघून जायचे. त्यांचं ते न बोलणं मला फार लागायचं.

दुकान दुबईत, इंटरनॅशनल सिटीच्या फ्रान्स क्लस्टरमध्ये, तळमजल्यावर. ड्रॅगन मार्ट या चिनी मालाच्या मोठ्या बाजाराला लागून असलेली ही वस्ती नखील कंपनीने वसवली. चीन, इंग्लंड, फ्रान्स, ग्रीस, इटली, मोरोक्को, पर्शिया, रशिया, स्पेन अशी तिच्या भागांची नावं आहेत आणि इमारतींचे दर्शनी भागही त्या त्या देशाच्या धाटणीचे. राहणारी माणसं मात्र त्या देशांची नव्हेत. आमच्या फ्रान्समध्ये मल्याळी नर्सेस आहेत, फिलिपिनो सेल्सगर्ल्स आहेत, लाहोरचे टॅक्सीवाले, इजिप्तचे अकाउंटंट, नेपाळी सिक्युरिटी गार्ड, सलूनमध्ये काम करणाऱ्या उझबेक बायका, नायजेरियन व्यापारी, ड्रॅगन मार्टमधले चिनी दुकानदार. दुबईची वस्ती ३५ लाखांच्या वर गेली आहे आणि त्यातले ९० टक्क्यांच्या आसपास लोक बाहेरदेशांतून आलेले, असं आपण वाचतो. इथे लिफ्टमध्ये दोन मजले चढेपर्यंत ते डोळ्यांना दिसतं.

आणि शिंपी? आमच्या दुकानापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात सहा. सगळे माझ्या आधीपासूनचे.

मी दुकान काढलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्याआधी नऊ वर्षं एका कंपनीत हिशेब लिहीत होते. शिवण मला आईकडून आलेली, पण व्यवसाय म्हणून करण्याचा विचार २०२१ नंतरचा. त्या वर्षीच्या जूनपासून इथे मेनलँडवर, म्हणजे फ्री झोन नावाच्या खास व्यापारी क्षेत्रांबाहेर, बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला कंपनीची १०० टक्के मालकी घेता येऊ लागली. स्थानिक भागीदार शोधायचा नाही म्हटल्यावर हिंमत झाली. दुकानाला आईचं नाव द्यायचं होतं. टायपिंग सेंटरमधल्या, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या माणसाने समजावलं की व्यवसायाच्या नावात एखाद्या व्यक्तीचं नाव घालायचं तर ती मालक किंवा भागीदार असावी लागते. मग दुसरं नाव घेतलं. पाटीवर अरबी मजकूर असावाच लागतो, पाटीची परवानगीही वेगळी. यात महिना गेला. पण मनात होतं की एकदा पाटी लागली की झालं, रस्त्यावरून रोज एवढी माणसं जातात, त्यातली शंभरातली दोन आली तरी पुरे.

शंभरातलं एकही येत नव्हतं.

तेव्हा मी वहीत रकाने आखले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्स, इजिप्त, नेपाळ, चीन, नायजेरिया. प्रत्येक देशाखाली त्यांची भाषा, त्यांचे सण, त्यांचे कपडे. मला वाटलं, हे शहर म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले देश आहेत आणि प्रत्येकाचं दार त्याच्या भाषेत ठोठावलं की उघडेल. पहिले सहा महिने मी या वहीवर विश्वास ठेवला आणि बहुतेक पैसे त्याच काळात गेले.

पहिली गोष्ट केली ती पत्रकांची. सहा भाषांत, ५,००० प्रती. इंग्रजी मी लिहिलं, बाकीचं फोनवरच्या भाषांतराने केलं. साडीला फॉल लावून मिळेल, हे अरबीत काय छापलं गेलं ते मला कळलंच नाही. इजिप्तची एक बाई अबायाची उंची कमी करायला आली, तिने पत्रक वाचून मला नीट समजावलं: तुम्ही लिहिलंय त्याचा अर्थ कोसळणं, पडणं असा होतो. मला घाम फुटला. कारण उर्दू, मल्याळम, तागालोगमध्ये असं आणखी काय काय झालं असेल ते मला सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याला वाचता येत नाही अशा भाषेत आपलं नाव छापू नये, एवढं त्या दिवशी ठरवलं आणि आजवर पाळलं आहे.

पत्रकांचं पुढे काय झालं तेही सांगते. छापणाऱ्यानेच वाटून देतो म्हटलं होतं. त्याची पोरं गाड्यांच्या वायपरखाली आणि दारांच्या फटींत पत्रकं खोचू लागली. दुसऱ्या दिवशी आमच्याच इमारतीचा नातूर, म्हणजे इथला वॉचमन, हातात गठ्ठा घेऊन दुकानात आला. "चेची," म्हणजे मल्याळममध्ये ताई, "हे बंद करा. म्युनिसिपालिटीचा माणूस आला तर दंड तुमच्या नावावर लागेल, नंबर तुमचा छापलाय." बरोबर होतं त्याचं. दुबईत परवानगीशिवाय पत्रकं वाटता किंवा चिकटवता येत नाहीत. मी ताबडतोब थांबवलं. अडीच हजारांवर पत्रकं उरली. एक बाजू कोरी होती, मास्टरजी पुढे वर्षभर त्यावर गिऱ्हाइकांची मापं लिहीत होते.

दुसरी गोष्ट, व्हिडिओ. एका जाहिरातवाल्या मंडळींनी पॅकेज विकलं, ३,५०० दिरहम. मुलगी आली, छान हसली, दुकानात फिरली, कैचीचा आवाज, मशीनचा आवाज, सगळं सुरेख टिपलं. ४०,००० लोकांनी पाहिलं. मी रोज सकाळी उठून आकडा बघायचे. त्या व्हिडिओमुळे आलेलं गिऱ्हाईक मी विचारून विचारून मोजलं: तीन. बघणारे शारजात होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला मरीनात होते, कितीतरी तर दुसऱ्या देशांत. पँट दोन इंच आखूड करायला मरीनाहून इंटरनॅशनल सिटीत कोण येणार? आमच्याकडे मेट्रो नाही. सेंटरपॉइंट स्टेशनला उतरायचं, मग बस पकडायची. ब्लू लाइनचं काम चालू आहे, ती २०२९ मध्ये सुरू व्हायची आहे. त्या मंडळींनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही, बघणारे दाखवतो म्हणाले आणि दाखवले. माझ्या धंद्याला लागतात ती चालत येणारी माणसं, हे त्यांना विचारायचं मला सुचलं नाही आणि त्यांनीही ते मला विचारलं नाही.

तिसरी गोष्ट, सूट. मी '५० टक्के सूट' असा फलक रंगवून आणला होता. लावायच्या आत टायपिंग सेंटरवाल्या भल्या माणसाने पाहिला. सेल किंवा सवलत जाहीर करायची तर डिपार्टमेंट ऑफ इकॉनॉमी अँड टुरिझमची परवानगी लागते, ती काढली का, म्हणाला. नव्हती काढली. फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला. नंतर विचार केला तर परवानगी काढूनही मी तो लावला नसता. शेजारच्या गल्लीतल्याने पँटची उंची ८ दिरहमवर आणली होती. मी ६ केले असते तर त्याने ५ केले असते, आणि मास्टरजींच्या हातच्या कामाची किंमत आम्ही दोघांनी मिळून मातीत घातली असती.

याच सुमारास कुणीतरी २०,००० मोबाइल नंबरांची यादी विकायला आलं होतं. नवऱ्याने हात जोडून नको म्हणून सांगितलं. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिमार्केटिंगचे नवे नियम लागू झाले, फोन फक्त सकाळी ९ ते संध्याकाळी ६ मध्येच करायचा, एकदा नको म्हटलं की पुन्हा करायचा नाही, दंडही मोठे. तेव्हा त्याचं ऐकलं ते बरं झालं असं वाटलं.

आता एका कोटाची गोष्ट, जिने माझी वही बदलली.

फेब्रुवारी २०२३, रात्रीचे साडेनऊ झाले असतील. काउंटरवर मीच होते. केनियाचा एक मुलगा आला, पंचविशीचा, हातात हँगरवर काळा कोट. व्हिजिट व्हिसावर आलेला, बेड स्पेसवर, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका हॉटेलात वॉक-इन मुलाखत होती. कोट त्याने घालून दाखवला. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या आणि पाठीत हवा भरल्यासारखा फुगा. मी म्हटलं, बाही कापून दीड इंच कमी करावी लागेल. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, मॅम, कापता येणार नाही, कोट रूममेटचा आहे, उद्या संध्याकाळी परत द्यायचाय.

मी नाही म्हणणार होते. मास्टरजी मशीनवरून उठले, कोट हातात घेतला, उलटा केला. अस्तर चाचपलं. कापायला नको, उसवायलाही नको, म्हणाले. त्यांनी बाहीचं टोक आत दुमडलं आणि अस्तरालाच हाताने धावदोरा घातला, टाके लांब लांब, बाहेर एकही दिसू नये असे. पाठीला दोन्ही कुशींत आतून चिमूट घेऊन तसाच कच्चा टाका. प्रत्येक दोऱ्याचं एक टोक त्यांनी गाठ मारून बोटभर लांब सोडलं. चाळीस मिनिटं लागली. मग मुलाला कोट घालायला लावून, पुन्हा काढायला लावून, त्याच्या बोटांत ते टोक दिलं आणि खुणेने दाखवलं: मुलाखत झाली की हे ओढ, सगळं निघून येईल, कोट होता तसा.

तो मुलगा आरशासमोर किती वेळ उभा होता ते मी पाहिलं. मी १० दिरहम घेतले. मास्टरजी म्हणाले, बाजी, नव्हते घ्यायचे. मी म्हटलं, घेतले नसते तर त्याला परत यायला अवघड वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी तो आला. नोकरी लागली होती, त्या हॉटेलात नव्हे, दुसरीकडे. बरोबर चार जण होते, वेगवेगळ्या देशांचे, एकाच खोलीतले. एकाच्या हातात पँट, दोघांच्या हातात कोट. कोट ज्याचा होता तो युगांडाचा मुलगा त्यांच्यातच होता, आणि त्याला त्या टाक्यांबद्दल सगळं माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांनी ते दोरे ओढताना पाहिले होते म्हणे.

मी देशांचे रकाने आखलेली वही काढली. हे पाच जण मी कुठल्या रकान्यात घालू? केनिया, युगांडा, पाकिस्तान, फिलिपिन्स, घाना. पाचांची भाषा वेगळी, सण वेगळे. पण पाचही जण माझ्याकडे एकाच कारणाने आले होते: उद्या मुलाखत आहे आणि अंगावरचा कपडा आपला वाटला पाहिजे. त्या रात्री मी बिलबुकात नवा रकाना घातला, 'कशासाठी'. आणि काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "कधी घालायचाय?" माप घेताना हा प्रश्न अगदी सहज विचारता येतो, कुणालाही त्यात चौकशी वाटत नाही.

तीन महिन्यांत त्या रकान्यातून शहराचं मला वेगळंच रूप दिसलं. माझी माणसं देशांप्रमाणे येत नव्हती, तारखांप्रमाणे येत होती.

पहिली तारीख पगाराची. १ ते ५ मध्ये लोक साठवून ठेवलेली दुरुस्ती घेऊन येतात, चेन तुटलेली बॅग, काज उसवलेला शर्ट. २० नंतर फक्त अडलेला येतो. म्हणजे महिन्याच्या शेवटी जाहिरातीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नव्हता, आणि मी ते नेमके तेव्हाच करत होते, कारण तेव्हा दुकान रिकामं दिसायचं.

दुसरी गोष्ट शाळांची, आणि ती मला आधीच कळायला हवी होती, कारण माझी स्वतःची मुलगी इथे शाळेत आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश, अमेरिकन आणि बाकीच्या बहुतेक ऑगस्टच्या अखेरीस. गणवेश विकणारे ठरावीक मापांत देतात. वाढत्या मुलाला एक माप मोठं घ्यायचं, खाली दुमडून घ्यायचं आणि पुढच्या वर्षी दुमड सोडायची, हे सगळ्या देशांच्या आया करतात. आम्ही दुमड घालतानाच 'पुढच्या वर्षी सोडून द्यायचे पैसे नाहीत' असं बिलावर लिहून द्यायला लागलो. पुढच्या वर्षी त्या बायका फुकट दुमड सोडायला आल्या आणि येताना धाकट्याचा गणवेश घेऊन आल्या.

तिसरी, रात्रपाळीची. हॉस्पिटलच्या बसेस सकाळी साडेसात ते आठमध्ये नर्सेसना इथे आणून सोडतात. थकून आलेली बाई घरी जाऊन झोपते, उठते तेव्हा दुपार, मग स्वयंपाक, मग पुन्हा ड्यूटी. ती दुकानात येणार कधी? आसपासचे सगळे शिंपी १० ला उघडतात. मी एकटीच साडेसातला येऊन शटर उघडायला लागले, मास्टरजी नेहमीप्रमाणे १० ला. नुसते कपडे घ्यायचे, माप टाचणीने लावायचं, संध्याकाळी ड्यूटीवर जाताना द्यायचे. स्क्रबची पँट सगळ्यांनाच लांब होते, नर्स केरळातल्या कोट्टायमची असो की फिलिपिन्समधल्या सेबूची. एक पैसा जाहिरातीवर न घालता दोन महिन्यांत रोजचे दहाबारा कपडे त्या अडीच तासांत यायला लागले. बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते, कुठे केलीस, आणि माझी जाहिरात होते. मल्याळी नर्सेस मला चेची म्हणतात, फिलिपिनो मुली आधी मॅम म्हणायच्या, आता आते म्हणतात. त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात हे कळलं तेव्हा काउंटरच्या मागे जाऊन डोळे पुसले.

फलकही बदलले. भाषा एकच ठेवली, इंग्रजी, आणि शब्द थोडे. 'उद्या मुलाखत? दोन तासांत तयार.' मार्च आणि ऑगस्टमध्ये 'गणवेश, त्याच दिवशी.' फलक बनवायला १४० दिरहम लागले. पत्रकं आणि व्हिडिओ मिळून ५,३०० गेले होते.

ईदबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे मास्टरजींनी मला जे शिकवलं ते मला एकटीला सुचलं नसतं. रमजानमध्ये इथे खासगी नोकरीतले कामाचे तास दिवसाला दोनने कमी होतात, बाजार इफ्तारनंतर मध्यरात्रीपर्यंत जागा असतो आणि सलवार-कमीज, कुर्ते, अबाया यांचा पाऊस पडतो. २०२३ च्या रमजानमध्ये दुकान पहिल्यांदा भरलं. मला आनंदाने काही सुचेना, येईल ते घेत होते. पंधराव्या रोजाला मास्टरजींनी बिलबुक माझ्या हातातून काढून घेतलं. "बस बाजी. आता बोर्ड लावा, ईदच्या ऑर्डर बंद." मी म्हटलं, अजून निम्मा महिना आहे. ते म्हणाले, ज्याचे कपडे ईदच्या नमाजाला मिळाले नाहीत तो माणूस आयुष्यभर येणार नाही, आणि मोहल्ल्यात सांगेल ते वेगळंच.

बोर्ड लावला. पुढचे दहा दिवस लोक दारातून परत जात होते आणि माझ्या पोटात कालवत होतं. घेतलेले सगळे कपडे मात्र ईदच्या दोन दिवस आधी हँगरवर तयार होते. पुढच्या वर्षी रमजान लागायच्या तीन आठवडे आधीच गर्दी सुरू झाली. आदल्या वर्षी परत गेलेले लोकच आले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, तुमचा बोर्ड पाहिला होता, तेव्हाच ठरवलं की इथे दिलं तर वेळेवर मिळेल.

फोनवरच्या गोष्टींचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. नकाशावर आमची खूण इमारतीच्या मागच्या बाजूला पडली होती आणि सात महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. लोक कचऱ्याच्या डब्यांजवळ उभे राहून फोन करायचे. ती सरकवली आणि दाराचा मकानी नंबर, दुबईत प्रत्येक प्रवेशद्वाराला असतो तो दहा आकडी, तोही घातला. अभिप्राय मागायचा तर कपडा हातात देताना, त्यांनी आरशात बघितल्यावर, आणि ज्या भाषेत लिहावंसं वाटेल त्या भाषेत लिहा असं सांगून. एका उझबेक बाईने रशियनमध्ये लिहिलं, लग्नाच्या पांढऱ्या झग्याचा फोटो टाकला. त्यानंतर रशियन बोलणाऱ्या बायका येऊ लागल्या. त्यांच्या भाषेतलं एकच खरं वाक्य, त्यांच्यातल्याच बाईने लिहिलेलं, माझ्या सहा भाषांतल्या ५,००० पत्रकांपेक्षा लांब गेलं. व्हॉट्सअॅपवर इथे फोन लागत नाही, म्हणून लोक आवाजी निरोप पाठवतात. ते मी काउंटरवरच्या मुलीला आणि मास्टरजींना ऐकवते. तिघांत मिळून सात भाषा कळतात आम्हाला.

स्पर्धेतल्या सहा दुकानांपैकी दोघांशी आता माझं चांगलं आहे. पूर्ण कोट शिवायचा असेल तर मी त्यातल्या एकाकडे पाठवते, तो माझ्यापेक्षा सरस शिवतो. तो बायकांच्या ब्लाउजचं काम माझ्याकडे पाठवतो. कोपऱ्यावरच्या लाँड्रीशी कपड्यामागे २ दिरहमवर ठरलं आहे, त्यांच्याकडे आलेल्या कपड्याचं बटण तुटलेलं असेल, चेन अडकत असेल तर तो माझ्याकडे येतो. इस्त्रीवाल्याच्या नजरेइतकी बारीक नजर कुणाची नसते. नातूरचे आणि त्याच्या साथीदारांचे युनिफॉर्म आम्ही पैसे न घेता दुरुस्त करतो. नवं बिऱ्हाड आलं की पडदे आखूड करायला ते कुणाचं नाव सांगतात हे वेगळं सांगायला नको.

आणि १६ एप्रिल २०२४. त्या दिवशी अमिरातीत जो पाऊस झाला तो नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या ७५ वर्षांतला सर्वांत मोठा, अल ऐनजवळ एका ठिकाणी २४ तासांच्या आत २५० मिलिमीटरच्या वर. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. ईद होऊन आठवडा झाला होता, भारतीय शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, दुकानात दोनशेच्या आसपास कपडे. मी दुपारी पोचले तेव्हा पाणी उंबऱ्याशी आलं होतं. नातूर, मास्टरजी आणि पहिल्या मजल्यावरचे दोन नेपाळी मुलगे साखळी करून कपडे वर नेत होते, कुणाच्यातरी फ्लॅटमध्ये पलंगावर, खुर्च्यांवर, दरवाजाच्या दांडीवर. मशीनं टेबलांवर चढवली. रात्री वीज नव्हती. मी फोनच्या उजेडात एकेका कपड्याचा फोटो काढला, बिल नंबर दिसेल असा, आणि ज्याचा त्याला पाठवला: तुमचा कपडा कोरडा आहे. बॅटरी संपेपर्यंत ६४ झाले, उरलेले दुसऱ्या दिवशी.

मी ते जाहिरात म्हणून केलं नव्हतं. रात्री अकराला एका आईने निरोप पाठवून विचारलं होतं, मुलाचा गणवेश वाचला का, आणि मला वाटलं की सगळ्यांच्याच मनात हे असणार. पण त्यानंतरच्या दोन महिन्यांत जेवढी नवी माणसं आली तेवढी आधी कधीच आली नव्हती. कित्येकांच्या फोनमध्ये तो फोटो होता. दुसऱ्याच्या कपड्याचा फोटो, मैत्रिणीने पुढे पाठवलेला.

आज आमच्याकडे तीन कारागीर आणि एक काउंटरवरची मुलगी आहे. महिन्याला ९०० च्या आसपास कपडे येतात. वर्षाची उलाढाल अजून ३,७५,००० दिरहमच्या आत आहे, म्हणजे व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही, पण यंदा ती वेळ येईल असं दिसतंय. देशांच्या रकान्यांची वही मी टाकून दिलेली नाही. सण कुठला कधी आहे हे अजून तिच्यातच बघते.

भिंतीवर २०२६ चं कॅलेंडर लावलं आहे. त्यावर मास्टरजी उर्दूत लिहितात, काउंटरवरची मुलगी इंग्रजीत, मी मराठीत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. यंदा तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल आणि ईद मार्चच्या २० तारखेच्या आसपास येईल. भारतीय शाळा एप्रिलच्या सुरुवातीला. दोन्हींच्या मध्ये जेमतेम दहा दिवस, आणि मधेच पगाराची १ तारीख. काल मास्टरजींनी त्या दहा दिवसांवर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "बाजी, एक माणूस अजून लागेल. सांगू का कुणाला?"

सांगा म्हटलं आहे.